ठाणे खरंच मोठं बंदर होतं का? मग ते गेलं कुठे?

मासुंदाकाठ:
मंडळी एक शंका आहे. पोरीला शाळेत "आपलं शहर" असा प्रोजेक्ट दिलाय (म्हणजे आईबापालाच दिलाय) आणि जिकडे वाचावं तिकडे ठाणे शिलाहारांची राजधानी, मोठं बंदर, अरबस्तानातून जहाजं यायची वगैरे. पण कळवा पुलावरून ओहोटीला खाली बघा, नुसता चिखल आणि मधे पाण्याची एक धार. इथे जहाज शिरणार कुठून? की आपणच वाढवून सांगतो? आणि खरं असेल तर बंदर बंद कसं पडलं?

खाडीवाला:
वाढवून नाही हो, होतंच. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्याजवळ खोदकामात ताम्रपट सापडले, शिलाहार राजा अरिकेसरीचे, सन १०१७ चे. पण माझं आवडतं प्रकरण मार्को पोलोचं. तेराव्या शतकाच्या शेवटी त्याने "ताना"बद्दल लिहून ठेवलंय की इथून कातडी आणि सुती कापड बाहेर जातं, आणि पुढे लिहितो की इथल्या राजाचं समुद्री चाच्यांशी साटंलोटं आहे, लुटीत जेवढे घोडे मिळतील ते राजाचे, बाकी माल चाच्यांचा. कारण राजाकडे स्वतःचे घोडे नाहीत आणि घोडे तर जहाजातूनच येणार!! हे प्रोजेक्टमध्ये टाका, बाई खूश होतील.

आता चिखलाचं. तेव्हाची जहाजं म्हणजे आजच्या कंटेनरशिप नव्हेत. शिडाची गलबतं, तळ उथळ, भरती धरून आत यायची, ओहोटीला चिखलात टेकली तरी काही बिघडत नसे. उलट शहर आत असल्याने पावसाळ्यातल्या वादळात आडोसा. घाटावरचा माल नाणेघाटातून कल्याणला उतरायचा आणि तिथून उल्हास नदीने खाली यायचा, म्हणून कल्याण, ठाणे, सोपारा, वसई ही सगळी या एकाच पाण्यावरची बंदरं. कधी एक वर, कधी दुसरं.

पेन्शनर_पाचपाखाडी:
वरच्यांनी भूगोल छान सांगितला पण गाळामुळे बंदर मेलं असं कोणी समजू नये, सत्ता बदलली की बंदराची किंमत बदलते. १५३४ ला वसईचा तह झाला आणि साष्टी (ठाणे ज्या बेटावर आहे ते) पोर्तुगीजांकडे गेली, मग सगळा थाट वसईचा, ठाणे दुय्यम. तरी वचक होता बरं का, मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर तिकडे जाणाऱ्या होड्यांकडून पोर्तुगीज ठाण्याला जकात वसूल करायचे आणि इंग्रज चडफडत बसायचे. १७३७ ला मराठ्यांनी ठाणे घेतलं, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई. मग १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. मुंबई आणि ठाणे दोन्ही टोकं एकाच्याच हातात आल्यावर ठाण्याला वेगळं बंदर कशाला लागतंय? खोल पाणी मुंबईत. किल्ल्याचं काय केलं, तर तुरुंग, आजही तिथे सेंट्रल जेल आहे.

शेवटचा घाव रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी आली म्हणून आपण अजून पेढे वाटतो, पण पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि घाटावरचा माल होडीत भरायची गरजच संपत गेली. हे मात्र कोणी साजरं करत नाही.

चेंदणीचा_पोर:
काका एकदम बरोबर, फक्त बंदर "मेलं" म्हणू नका. आमची आजी सांगायची मीठबंदरावरून मिठाच्या होड्या भरून जायच्या, रेतीचे पडाव तर मी स्वतः बघितलेत. आता निवट्या आणि चिंबोऱ्या मिळतात तेवढ्यावर समाधान. त्या पण केमिकलच्या पाण्यात किती दिवस टिकणार काय माहित. फ्लेमिंगो बघायला मात्र लोक कॅमेरे घेऊन येतात, २०२२ ला खाडीला रामसरचा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा पण मिळाला.

नेरूळकर:
आमच्या बाजूचं पण लिहा की राव. बंदर गेलं नाही, खाडी ओलांडून खाली सरकलं. मुंबईच्या गोदीवरचा भार वाढला म्हणून न्हावाशेवा उभं राहिलं, १९८९ ला सुरू झालं. पण त्याआधी १९७० ला सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आली, जमिनी गेल्या आगरी कोळ्यांच्या. १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणला आंदोलन झालं, पोलिस गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर कुठे साडेबारा टक्के जमीन परत द्यायची योजना आली. आणि अजून गावागावात त्या प्लॉटच्या फायली फिरतायत. प्रोजेक्टमध्ये घोडे येऊ देत, हे पण येऊ दे.

मासुंदाकाठ:
बापरे, चार्टपेपर पुरणार नाही आता. घोडे आणि साडेबारा टक्के दोन्ही टाकतोय. पोरीला रविवारी बंदर दाखवायचं म्हटलं तर कुठे नेऊ? जेलमध्ये तर सोडणार नाहीत.

चेंदणीचा_पोर:
मीठबंदरावर या दादा, पण भरतीची वेळ बघून. ओहोटीला आलात तर पोरगी नाक धरून परत फिरेल.