आई-बाबांना रोटेनबुर्ग दाखवावं का?

सातारकर_परदेशी:
न्युर्नबर्गला असतो. मे महिन्यात आई-बाबा येतायत. रोटेनबुर्ग ओब डेअर टाउबर हे तटबंदीचं जुनं गाव एका दिवसात उरकावं म्हणतोय. अडचणी दोन: आईचे गुडघे आणि बाबा. राजगड वीसेकदा केलेला माणूस, "आपल्याकडे काय किल्ले कमी पडले होते?" हे ऐकवणारच. कोणी गेलंय का?

जंग्या_मोजणारा:
मी तीनदा गेलोय. बाबांना आधी बाजारचौकात नेऊच नका, दुकानं बघून डोकं फिरेल. सरळ पश्चिमेच्या वेशीला, बुर्गटोरला न्या. तिथल्या मोठ्या दाराला आपल्यासारखीच दिंडी आहे, एकच माणूस वाकून आत शिरेल एवढी. वर दगडी मुखवटा दिसेल. त्याच्या तोंडातून शत्रूवर उकळतं डांबर ओतायची सोय होती. मग दक्षिणेची श्पिटालबास्टाय. इंग्रजी आठासारखा बुरूज, दारामागून दार. बुरुजांआड लपवलेले गोमुखी दरवाजे पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

तटावरची फांजी, म्हणजे पहाऱ्याची चालवाट, लाकडी छपराची आहे. चालायला पैसे पडत नाहीत, पण चढायच्या पायऱ्या उभ्या नि अरुंद. आईंना खालच्या गल्लीतून तटाकडेने चालू द्या. फरसबंदी ओबडधोबड आहे, चपला नकोत. आणि मुक्काम कराच. दिवसाचे पर्यटक गेले की रात्री आठला चौकातून कंदील घेतलेला पहारेकरी इंग्रजीत गाव फिरवतो.

रीसकर:
एक सांगून ठेवा, सगळं मध्ययुगीन नाही. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पूर्वेकडचा बराच भाग गेला, तो नंतर उभा केलाय. फांजीच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांचे दगड आहेत, त्यांत जपानी नावं भरपूर. गर्दी नको असेल तर नॉर्डलिंगेन बघा. तट पूर्ण गोल, साधारण २.७ किलोमीटरची अख्खी फेरी होते. गाव उल्कापाताच्या खड्ड्यात वसलंय आणि चर्चचा दगडही त्याच आघातातून तयार झालेला. रात्री मनोऱ्यावरून राखणदार अजून हाळी देतो.

खवय्यी:
श्नेबालेनच्या नादी लागू नका. पिठाच्या पट्ट्यांचा तळलेला गोळा, वर पिठीसाखर. दिसतो झकास, लागतो शिळ्या शंकरपाळ्यासारखा.

सातारकर_परदेशी:
जाऊन आलो, मुक्कामासकट. अन्सबाख आणि श्टाइनाखला गाडी बदलावी लागली. बाबा दिंडीतून चार वेळा आत-बाहेर झाले, पाचव्यांदा डोकं आपटलं. मग तिथेच एका जर्मन आजोबांना अडवून हातवाऱ्यांनी महादरवाजा समजावत बसले. आई कट्ट्यावर बसून श्नेबालेन खात होती. तिला आवडला हो! चहात बुडवून खायचा म्हणे. दोन सोबत घेतलेत.