विषय: नाशिकला जाताय? आधी फ्लूची लस

मंडळी नमस्कार,
आपल्या मेलिंग लिस्टवर दिवाळी पहाटच्या मेल्समध्ये मध्येच घुसतेय, सॉरी. सध्या अमेरिकेतून नाशिकला आईकडे आलेय, गंगापूर रोडला. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कणकण आली, घसा धरला, मी म्हटलं विमानातल्या एसीने झालं असेल आणि आल्याचा चहा घेऊन बाबांच्या शेजारी बसून गप्पा मारत राहिले. पाचव्या दिवशी बाबांनी अंथरूण धरलं. वय ७४, शुगर, त्यात जुना दमा. टेस्ट केली तर इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लूचाच एक प्रकार. चार रात्री ऑक्सिजनवर काढल्या, आता घरी आहेत, पेज पितायत. ऑफिसमध्ये लस फुकट मिळत होती हो, मीच "जाऊन आल्यावर बघू" म्हणून टाळली! आईला व्हिटॅमिन, भाच्यांना चॉकलेटं आणि बाबांना ताप, अशी बॅग भरून आले मी. डिसेंबरला निघणार असाल तर निदान दोन आठवडे आधी घ्या, अंगात ताकद तयार व्हायला तेवढे दिवस लागतात.

> ताई, बाबांना लवकर बरं वाटू दे. पण मी मागे ही लस घेतली तर दुसऱ्या दिवशी मलाच ताप आला होता. आणि घेऊनही फ्लू होतोच ना, मग उपयोग काय? शिवाय तो थंडीतला आजार, नाशिकला आत्ता कुठली थंडी?

इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो रे, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखणार, एखादा दिवस कणकण येणार, बस. घेऊनही होतो हे खरंय, पण हॉस्पिटल गाठायची पाळी कमी येते, आणि बाबांच्या वयाला तेच महत्त्वाचं. थंडीचं म्हणशील तर भारतात फ्लू दोनदा डोकं वर काढतो, जानेवारी ते मार्च आणि भर पावसाळ्यात. २०२७ च्या ऑगस्टमध्ये सिंहस्थाला आपली निम्मी लिस्ट रामकुंडावर असणार, तेव्हा नेमका तोच सीझन! इकडे अमेरिकेतली लस जूनअखेर एक्स्पायर होते, म्हणून त्या वेळी तिकडेच घ्यायची. विषाणू सारखा रूप बदलतो, लशीत कुठले विषाणू घ्यायचे याची यादी डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा ठरवते, म्हणून गेल्या वर्षीची चालत नाही. आणि ९ वर्षांखालच्या पोरांना पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.
— तुमचे (रिटायर्ड) डॉक्टर काका

थँक्यू काका. आईला काल दिली. आधी ठाम नाही म्हणत होती, "आम्हाला लहानपणी देवी काढल्यात, तेवढं पुरे". दंडावरचा तो गोल व्रणसुद्धा दाखवला. मग मीच म्हटलं, बाबांना परत ॲडमिट करायचं का, तेव्हा गप्प बसली. इथे मेडिकलमधून बर्फाच्या पाकिटासकट लस घ्यायची आणि ती पिशवी छातीशी धरून रिक्षाने डॉक्टरांकडे जायचं. बॉक्सवर सीझन छापलेला असतो तेवढा बघून घ्या, मला आधी जुनाच देत होता. बाबांना बरं वाटल्यावर देणार, आता फ्लू झालाय तरी, कारण बाकीचे प्रकार आहेतच. मलाही.

फराळाच्या यादीत चकलीपुढे माझं नाव आहे, ते प्लीज काढा. तिकीट पुढे ढकललंय.