'रॉदचेन्कोची पत्नी' एवढीच ओळख पुरेशी नाही

रशियन रचनावादी (कन्स्ट्रक्टिव्हिस्ट) कलावंत, म्हणजे कला रोजच्या वापराच्या वस्तूंत उतरवू पाहणारी मंडळी, यांच्याबद्दल बोलताना स्तेपानोवाचा उल्लेख कधीकधी चित्रकार-छायाचित्रकार अलेक्सांद्र 'रॉदचेन्कोची पत्नी' एवढाच येतो, म्हणून थोडी भर घालतो.

वार्वारा स्तेपानोवा (१८९४–१९५८) ही त्या मंडळींतली अव्वल दर्जाची विचारवंत. १९२१ मध्ये मॉस्कोत '५×५=२५' हे प्रदर्शन झालं, त्यातल्या पाच चित्रकारांपैकी ती एक. त्यानंतर चित्रफलक सोडून ती थेट कापड गिरणीत गेली, सोबत त्याच प्रदर्शनातली चित्रकार ल्युबोव पोपोवा. बाकीचे 'कला उत्पादनात उतरली पाहिजे' म्हणत राहिले, या दोघींनी ते खरंच केलं! कंपास-पट्टीने वर्तुळं, त्रिकोण, पट्टे आखून छापाच्या कापडाची डिझाइनं काढली आणि त्यातली काही बाजारातही आली. फुलापानांची सवय असलेल्या गिरणीवाल्यांना वाटायचं, यांना हाताने चित्र काढता येत नाही म्हणून कंपास लागतो.

१९२३ साली 'लेफ' या डाव्या सोव्हिएत कलावंत-लेखकांच्या नियतकालिकात स्तेपानोवाने कपड्यांवर लेख लिहिला. कपडा दिसतो कसा यापेक्षा तो घालून काम कसं होतं, हे आधी बघा, हा त्याचा गाभा. वरून नक्षी नको. शिवण, बटण, खिसा दिसू देत, तेच त्याचं रूप. खेळाडूंच्या कपड्यांवर तिने मोठे भौमितिक आकार आणि भडक रंग घेतले, कारण लांबच्या प्रेक्षकाला संघ ओळखता आला पाहिजे. मला हे फार आवडतं.

पोपोवा मात्र मे १९२४ मध्ये स्कार्लेट फीवरने गेली, ऐन पस्तिशीत. त्याच आजाराने तिचा लहान मुलगा काही दिवस आधीच गेला होता.