पार्किंग १४ मधली हिरवी जीप

कुलकर्णी काका (ए-१०१): नमस्कार. पार्किंग १४ मध्ये आठवडाभर एक हिरवी मिलिटरीची जीप उभी आहे. कोणाची? असलं भंगार ठेवायला कमिटीची परवानगी घेतली आहे का? खाली तेलाचं थारोळं झालंय, काल माझा पाय घसरता घसरता वाचला.

स्मिता (ए-३०४): काका, आमच्या ओजसने काल त्यात बसून एक अख्खं युद्ध जिंकलं. पँट दोनदा धुतली, डाग जागेवर.

सेक्रेटरी पाटील: १४ नंबर बी-४०२ चा आहे. अनिकेत, उत्तर द्या.

अनिकेत (बी-४०२): नमस्कार. जीप माझीच. तेलाबद्दल सॉरी काका, आज ट्रे लावतो. ह्या इंजिनाला मागच्या बाजूला दोरीचं सील असतं, ते सुकलं की गळती सुरू. पण भंगार म्हणू नका हो. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी आहे. निदान अर्धी तरी.

कुलकर्णी काका (ए-१०१): अर्धी म्हणजे?

अनिकेत (बी-४०२): १९४१ ते ४५ मध्ये अमेरिकेत विलीज आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप काढल्या. आराखडा एकच. विलीजची ती एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. एकीचा पार्ट दुसरीला बसतो, त्यामुळे वर्कशॉपमध्ये हाताला येईल ते लावत गेले. फोर्डवाल्यांनी मात्र आपल्या बोल्टच्या डोक्यावर सुद्धा इंग्रजी एफ उमटवून ठेवला. माझ्या चॅसिसची, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याची, पुढची आडवी दांडी गोल नळीची आहे, म्हणजे विलीज. फोर्डची उलट्या यू सारखी असते. खूश होतो. मग मागची बॉडी सोडवायला घेतली, तारेच्या ब्रशने पहिल्या बोल्टचा गंज काढला आणि आत एफ. दुसरा, तिसरा, सगळे एफ. पुढून विलीज, मागून फोर्ड.

गोखले काकू (बी-४०३): आपल्याकडे ही आली कशी पण?

अनिकेत (बी-४०२): बर्मा आघाडीसाठी, काकू. युद्ध संपल्यावर परत न्यायचा खर्च कोण करणार? सरप्लस म्हणून इथेच विकल्या. बंगालमध्ये पानागढला तेव्हा मोठा तळ होता, तिथे आजही जुन्या गाड्या तोडून पार्ट विकायचा धंदा चालतो. आपल्याकडे शेतकऱ्यांनी, ठेकेदारांनी, साखर कारखान्यांनी वापरल्या. महिंद्राने माझगावात जीप जोडायला घेतल्या त्या ह्याच विलीज घराण्यातल्या. माझी विट्याच्या बाजूला एका गोठ्याशेजारी होती, वर कडब्याच्या पेंढ्या.

शेखभाई (बी-२०१): इंजिन ओरिजिनल आहे का? गावाकडच्या नव्वद टक्के जीपमध्ये डिझेल बसवलेलं असतं.

अनिकेत (बी-४०२): हिच्यातही होतं. ते काढून जुनं पेट्रोल बसवलंय. २१९९ सीसी, साइड व्हॉल्व्ह, ६० हॉर्सपॉवर. हेड उघडलं की वर व्हॉल्व्हची काही भानगडच नाही, सगळं बाजूला ब्लॉकमध्ये.

सुभेदार जाधव (सी-२०३): पाटीलसाहेब, तेल पुसता येतं. माझा मुद्दा रंगाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, नियम १२१. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाडीला. बाकी कुणालाही नाही, गाडी खरोखर फौजेतून आलेली असली तरी नाही. अनिकेत, ही आज रस्त्यावर काढलीस तर पहिल्या नाक्यावर पावती.

कुलकर्णी काका (ए-१०१): बघा! मी म्हणतच होतो.

अनिकेत (बी-४०२): साहेब, मान्य. म्हणून तर टेम्पोत घालून आणली. हा हिरवा आधीच्या मालकाने ऑइल पेंटच्या डब्यातून ब्रशने मारलाय, केस अजून चिकटलेत त्याला. बॉनेटवर पॉलिश पेपर मारला तर खाली पांढरा, त्याच्या खाली निळा, मग तांबडा प्रायमर, आणि तळाला कारखान्यातला मळकट हिरवा. त्या थरावर पांढऱ्या ताऱ्याचं एक टोक निघालंय. फोटो टाकतो. तेवढा तळव्याएवढा तुकडा क्लिअर कोट मारून तसाच ठेवणार, बाकी गाडी राखाडी.

सुभेदार जाधव (सी-२०३): राखाडी ठीक. तारा अमेरिकेचा आहे, मला त्याची हरकत नाही. पण नंबर प्लेटवर वर जाणारा बाण, युनिटचं चिन्ह, असलं काही रंगवू नकोस. हौशी लोक हमखास तेच करतात. तो बाण शोभेचा नसतो, फौजेच्या नोंदणीचा भाग असतो. गाडी फौजेतून निघाली की तो नंबर रद्द.

रोहित (सी-५०१): सुभेदार काका, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्या मित्राच्या ओळखीत एक आर्मीची मारुती जिप्सी आहे. १३०० सीसी, सॉफ्ट टॉप, टायर नवे. किंमत ऐकून तुम्ही पण हो म्हणाल. फक्त पेपर "नंतर होतील" म्हणतोय.

सुभेदार जाधव (सी-२०३): नको.

रोहित (सी-५०१): अहो पण गाडी बघितली तरी...

सुभेदार जाधव (सी-२०३): रोहित, मी ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात होतो, खडकीला ५१२ वर्कशॉपला पण काढलीत काही वर्षं. नीट वाच. फौजेची गाडी बाहेर येते ती बीईआर होऊन, म्हणजे दुरुस्तीचा खर्च आता परवडत नाही असा शेरा पडल्यावर. मग लिलाव, हल्ली बहुतेक एमएसटीसी ह्या सरकारी कंपनीच्या साइटवर ऑनलाइन. एकेका लॉटमध्ये अनेक गाड्या असतात, लॉट घेतो व्यापारी, तो सुट्या करून विकतो. आरटीओला नवी नोंदणी करायची तर फॉर्म २० बरोबर फॉर्म २१ लागतो, विक्रीचा दाखला. फौजेच्या गाडीसाठी तो संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेला मूळ कागद हवा. झेरॉक्स चालत नाही, व्यापाऱ्याचं लेटरहेड तर मुळीच नाही. त्यावरचा चॅसिस नंबर, इंजिन नंबर गाडीवर आपल्या डोळ्यांनी ताडून बघायचा. कित्येकदा दाखला एका जिप्सीचा आणि इंजिन दुसरीचं. अशी गाडी दिसायला कितीही झकास असली तरी तुझ्या नावावर कधी होत नाही. टायर नवे असले तर टायर विकत घे.

शेखभाई (बी-२०१): 😂 टायर मी घेतो.

अनिकेत (बी-४०२): साहेब शंभर टक्के. मी आधी आरसी बघितली, मग जीप. विलीजमध्ये आणखी एक मेख आहे. एमबीचा चॅसिस नंबर डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला एका पत्र्यावर असतो, तो रिव्हेटने मारलेला. पत्रा गंजून पडला की नंबर गेला. फोर्डचा थेट लोखंडावर ठोकलेला. माझा पत्रा शेणामातीखाली दबून राहिला म्हणून वाचला.

कुलकर्णी काका (ए-१०१): पण पंधरा वर्षांवरच्या गाड्या मोडीत काढायचा कायदा आलाय ना? ही तर माझ्याही आधीची.

अनिकेत (बी-४०२): तो दिल्लीकडचा प्रकार, काका. आपल्याकडे तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरण होतं. शिवाय जुलै २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेजचे वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी असली तर व्हीए अक्षरांची वेगळी प्लेट मिळते. फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढे ५ हजारांत नूतनीकरण. चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, डिझेल काढलं ते एवढ्यासाठीच.

गोखले काकू (बी-४०३): मग मंडईत नेशील का मला तीतून?

अनिकेत (बी-४०२): नाही ना काकू! व्हीए प्लेटवर रोजची ये-जा करता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच.

गोखले काकू (बी-४०३): म्हणजे पैसे घालून आणायची आणि नुसती बघत बसायची. आमच्या ह्यांचा हार्मोनियम असाच आहे.

स्मिता (ए-३०४): चेष्टा बाजूला. ओजस ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. कुणीतरी म्हणालं की पेट्रोलची टाकी सीटखाली असते. खरं आहे का?

अनिकेत (बी-४०२): खरं आहे, ताई. गादी उचलूनच पेट्रोल भरतात. पण टाकी आत्ता गाडीत नाहीच, आतून गंजलेली, धुवायला दिलीय. बसेल तेव्हाही पार्किंगमध्ये रिकामी ठेवेन, बॅटरीची वायर सोडून, बाजूला फायर एक्स्टिंग्विशर. आणि हिला चावी नाही, नुसती खिट्टी. पायाशी बटण, दाबलं की स्टार्टर. म्हणून एक चोर स्विच बसवतोय. तोवर ओजसला माझ्याशिवाय बसू देऊ नका.

स्मिता (ए-३०४): ओके. त्याला सांगते. ऐकेल असं नाही, म्हणून कव्हरला कुलूप लावा.

शेखभाई (बी-२०१): अनिकेतभाई, चाकांचं काय? दोन तुकड्यांची रिम आहे ना?

अनिकेत (बी-४०२): हो, कॉम्बॅट रिम. दोन वाट्या समोरासमोर, कडेने नट.

शेखभाई (बी-२०१): मग कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे अजिबात पाठवू नका. नवा पोरगा आहे, चाकाचे नट समजून ते नट सोडेल. आत हवा असताना ते सोडले तर अर्धी रिम तोफेच्या गोळ्यासारखी उडते, माणूस जागेवर जाईल. आधी व्हॉल्व्हची पिन काढायची, हवा पूर्ण जाऊ द्यायची, मगच पाना. नाना पेठेत एक म्हातारे मेस्त्री आहेत, त्यांच्या हाताखालून गेलेत असले रिम. मी येतो बरोबर.

सुभेदार जाधव (सी-२०३): शेखभाई बरोबर बोलले. ते नट लाल रंगवून ठेव, म्हणजे कुणी चुकूनही हात लावणार नाही.

अनिकेत (बी-४०२): करतो साहेब. शेखभाई, शनिवारी निघू.

रोहित (सी-५०१): दादा, हेडलाइट उलटे फिरतात असं ऐकलंय.

अनिकेत (बी-४०२): फिरतात. एक पाकळीचा नट सैल केला की दिवा मागे वळतो, उजेड थेट इंजिनावर. रात्री दुरुस्ती करायची सोय. काल लाइट गेली तेव्हा मी त्या उजेडातच प्लग साफ केले. फक्त सहा व्होल्टचं काम आहे, दिवाळीच्या पणतीएवढा उजेड.

कुलकर्णी काका (ए-१०१): ते सगळं ठीक. आवाजाचं काय? मी दुपारी झोपतो.

सेक्रेटरी पाटील: कमिटीतर्फे सांगतो. जागा अनिकेतची आहे आणि जीप लांबीला अकरा फूट, म्हणजे वॅगनआरपेक्षा फूटभर आखूडच. पट्ट्याबाहेर येत नाही, त्यामुळे उभी करायला हरकत नाही. अटी: खाली ट्रे, वर कुलूपवालं कव्हर, रंगकाम आणि वेल्डिंग सोसायटीत नाही, इंजिन चालू करणं फक्त रविवारी दहा ते बारा. आरसी आणि इन्शुरन्सची प्रत ऑफिसात द्या. डाग पडलेल्या फरशा अनिकेतने साफ करून द्यायच्या.

अनिकेत (बी-४०२): मान्य. 🙏 फरशा आजच करतो, लाकडाचा भुसा आणलाय.

कुलकर्णी काका (ए-१०१): वेल्डिंग नाही हे मिनिट्समध्ये घ्या.

सेक्रेटरी पाटील: घेतो काका.

सुभेदार जाधव (सी-२०३): अनिकेत, येत्या रविवारी चारही ड्रम उघडू. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम असणार, इतकी वर्षं उभी गाडी म्हटल्यावर. आधी थांबायचं बघ, मग पळायचं. ज्यांना बघायचंय त्यांनी या, पण जुने कपडे घालून.

कुलकर्णी काका (ए-१०१): किती वाजता?

सुभेदार जाधव (सी-२०३): दहा. तुम्ही येताय?

कुलकर्णी काका (ए-१०१): बघायला. हात लावणार नाही. आमच्या हिला सांगू नका, गुडघ्याचं कारण सांगून मी रविवारची भाजी टाळतो.

रोहित (सी-५०१): काका, काकू ह्याच ग्रुपवर आहेत.

कुलकर्णी काकू (ए-१०१): वाचलं. येताना भाजी घेऊन या. आणि तो निळा शर्ट घालू नका, नवीन आहे.