मदत हवी आहे: भोरड्यांचा थवा आणि आमची शिफ्ट

नमस्कार मंडळी. भोसरीत एका छोट्या कारखान्याचं शॉप फ्लोअर सांभाळतो, दोन शिफ्ट मिळून ४० माणसं. साधं ड्रिल बदलायचं तरी मला फोन! वैतागून स्वयं-संघटनाबद्दल, म्हणजे वरून हुकूम न येता गटानं आपलं आपण चालण्याबद्दल, वाचायला लागलो.

१९८६ साली संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर भोरड्यांसारख्या पक्ष्यांचा थवा उडवला. शेजाऱ्याला धडकू नका, त्याच्या दिशेनं उडा, घोळक्यातून फुटू नका. नियम तीनच, म्होरक्या कोणी नाही, तरी थवा झोकात वळतो. माणसांचंही उदाहरण आहे: नेदरलँड्समधल्या ब्यूर्टझोर्ख संस्थेत घरोघरी जाणाऱ्या नर्सेसचे जेमतेम १२ जणांपर्यंतचे गट आहेत, गटावर मॅनेजर नाही.

पण माणूस म्हणजे भोरडी नव्हे, त्याला इन्क्रिमेंट लागतं. गेल्या महिन्यात एका लाइनला निर्णय सोपवले, तर दोन दिवसांत सगळे जुन्या ऑपरेटरच्या तोंडाकडे बघायला लागले. साहेब गेला, मुकादम आला!

कोणी हे खरंच करून पाहिलंय का? नियम किती ठेवले? रिजेक्शन (नापास माल) वाढलं तर जाब कोणाला विचारता? आणि कृपया 'क्वांटम लीडरशिप'ची व्याख्यानं पाठवू नका, ती वरून आधीच आली आहेत.