एकांकिकेत विठोबा पात्र आहे. 'भावना दुखावल्या' म्हणून गुन्हा दाखल झाला, तर नेमकं काय होतं?

विंगेतला:
हौशी संस्था, पन्नास मिनिटांची एकांकिका, पहिला प्रयोग पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात करायचा विचार आहे. आषाढीच्या रात्री विठोबा वीट सोडून खाली उतरतो, दर्शनबारीत उभा राहतो आणि पास नाही म्हणून त्यालाच बाहेर काढतात. एका प्रवेशात एक म्हातारी त्याला चांगल्या तीन-चार शिव्या हासडते. त्या वाक्यांवरून संस्थेत दोन तट पडलेत.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात असलं की २९५-अ (धार्मिक भावना दुखावण्याचं कलम) लागत नाही, हे खरं का? तक्रार आली की पोलीस थेट उचलतात का? ती वाक्यं काढावीत का? ऐकीव नको, कलमं सांगा.

कोर्टपक्षी:
आधी आकडा बदला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि २९५-अ आता कलम २९९ झालंय. मजकूर जवळपास तोच, फक्त 'इलेक्ट्रॉनिक माध्यम' हे शब्द वाढले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड किंवा दोन्ही. दखलपात्र (म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात) आणि अजामीनपात्र. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. पोलीस ठाण्यात तो हक्क म्हणून मागता येत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो.

कलमाचा जन्म १९२७ चा. लाहोरच्या एका प्रकाशकाला तिथल्या उच्च न्यायालयाने सोडलं, कारण धर्मसंस्थापकावरची टीका तेव्हाच्या १५३-अ मध्ये (समाजगटांत वैर पसरवण्याचं कलम) बसत नव्हती. ती फट बुजवायला २९५-अ आणलं. दोन वर्षांनी त्या प्रकाशकाचा खून झाला.

१९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी कलम वैध ठरवलं, पण त्याची कक्षा आवळून. अपमान 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' केलेला हवा. या दोन अटींतला 'आणि' फार महत्त्वाचा. बेफिकिरी, वाईट अभिरुची, फसलेला विनोद यांत बसत नाही. महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात दाखवणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावरची तक्रार २०१७ मध्ये याच मुद्द्यावर रद्द झाली.

याला चिकटून दुसरं कलम आहे, ३०२ (जुनं २९८). एखाद्याच्या कानावर पडतील असे शब्द मुद्दाम भावना दुखवायला उच्चारणं, शिक्षा एक वर्षापर्यंत. ते अदखलपात्र, म्हणजे एनसी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. तक्रारदाराचा वकील २९९ वर अडून बसतो तो म्हणूनच.

तिसरी घंटा:
सेन्सॉरचं सांगतो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र म्हणजे प्रयोगाचा परवाना. फौजदारी गुन्ह्यातून ते माफी देत नाही. मात्र 'दुष्ट हेतू नव्हता' हे दाखवायला त्यासारखा कागद नाही, कारण जो हेतू लपवतो तो संहिता आधी सरकारी मंडळाला वाचायला देत नाही.

गोची होते ती ॲडिशनमुळे. प्रमाणपत्र पाठवलेल्या संहितेला असतं. नटाने टाळी मिळाली म्हणून प्रयोगात एक वाक्य वाढवलं आणि नेमकं तेच मोबाइलवर फिरलं, की तुमचा कागद तेवढ्यापुरता निरुपयोगी. विठोबाच्या पात्राला ॲडिशन बंद, हे तालमीतच बजावा.

स्थिर कॅमेऱ्यावर अख्खा प्रयोग घ्या, कुठेही न कापता. वादात कायम चाळीस सेकंदांची क्लिप येते, तिच्यापुढे ठेवायला पन्नास मिनिटं हवीत. मूळ कार्ड पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल दाबली गेलेली असते, तिची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही.

आणि म्हातारीच्या शिव्या काढू नका हो. जनाबाईने विठोबाला घातल्यात त्यापेक्षा तुमची म्हातारी सौम्यच निघेल. मात्र रीलमध्ये तेवढाच तुकडा टाकू नका. जाहिरातीला संदर्भ नसतो.

पर्वतीपायथा:
कोर्टपक्षींचं सगळं बरोबर, पण ते निकालाबद्दल बोलतायत. इथे शिक्षा निकालात नसते, आधीच्या आठ दिवसांत असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातल्या नाटकावरून विभागप्रमुख आणि विद्यार्थ्यांना २९५-अ खाली अटक झाली. जामीन दुसऱ्या दिवशी झाला. एक रात्र गेली, आणि पुढच्या प्रत्येक संहितेवर लेखक स्वतःच लाल पेन घेऊन बसतो.

बरेचदा गुन्हाही नोंदवावा लागत नाही. कुणीतरी निवेदन देतं, पोलीस आयोजकाला प्रतिबंधक नोटीस देतात (पूर्वीची १४९, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८), थिएटरवाला 'तांत्रिक कारणाने' तारीख रद्द करतो. कोर्टात नेण्यासारखा आदेश कुणाच्याच हातात उरत नाही. म्हणून रद्द करणाऱ्याकडून कारण लेखी मागा. देत नसेल तर झालेलं संभाषण त्याच दिवशी ईमेलने त्याला कळवा.

निदर्शनांच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येत नाही, संरक्षण देणं सरकारचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्यात १९८९ मध्येच म्हटलंय. पोलिसांना बंदोबस्ताचा अर्ज द्याल तेव्हा हे नाव त्यात घाला. पोचपावती घ्यायला विसरू नका.

कोर्टपक्षी:
पर्वतीपायथा, मान्य. म्हणून ते आठ दिवस कसे काढायचे ते लिहितो.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अर्नेश कुमार निकाल (२०१४) आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस (२९९ आणि ३०२ सोडून पुढची कलमंही याच संहितेची). नोटीस आली तर दिलेल्या तारखेला जाच. गैरहजेरी हेच मग अटकेचं कारण होतं. जाताना प्रमाणित संहिता आणि प्रमाणपत्राची प्रत न्या, मूळ कागद नाही.

गुन्हा नोंदण्याआधीच वकिलाकडून कलम १७३(३) चा मुद्दा मांडा. तीन किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. पुणे शहरात तो दर्जा सहायक आयुक्ताचा. इम्रान प्रतापगढी निकालात (२८ मार्च २०२५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अभिव्यक्तीशी निगडित अशा गुन्ह्यांत ही चौकशी करणंच योग्य. त्या गुन्ह्यात २९९ आणि ३०२ दोन्ही लावलेली होती. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, हळव्याच्या नव्हे, हेही त्यात आहे. ही कसोटी मूळची आपल्या नागपूरची, १९४६ ची, न्या. व्हिव्हियन बोस यांची.

अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामीन कलम ४८२ खाली, शिवाजीनगरला सत्र न्यायालयात. गुन्हा रद्द करायला कलम ५२८ खाली मुंबई उच्च न्यायालय. कोल्हापूरच्या नव्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) धावू नका, पुणे जिल्हा त्यात नाही.

आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. कलम २१७ प्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय कोर्ट २९९ ची दखल घेऊ शकत नाही. गुन्हा नोंदणं, चौकशी, अटक याला मंजुरी लागत नाही, अडचण तिथेच आहे. पण आरोपपत्र आलं की पहिल्याच तारखेला मंजुरीचा आदेश मागा. दखल घ्यायची मुदतही तीन वर्षांचीच आहे. मंजुरीच्या प्रतीक्षेतला काळ त्यातून वजा होतो, तेवढं मोजताना लक्षात ठेवा.

विंगेतला:
वाक्यं ठेवतो. मग जनाबाईचा अभंगच त्या प्रवेशात म्हातारीच्या तोंडी घातला तर?

तिसरी घंटा:
उत्तम. पण आत्ता घाला आणि तशी संहिता मंडळाकडे पाठवा. रंगीत तालमीच्या रात्री सुचलं म्हणून घातलात, तर कायद्याच्या दृष्टीने तीही ॲडिशनच.