मदत हवी आहे: पावसाळ्यात ड्राय शॅम्पूचे गोळे होतात

नमस्कार मंडळी. मी म्हापशाहून रोज पणजीला जाते. जुलैत सकाळी केस धुतले तर ऑफिस सुटेपर्यंत वाळत नाहीत, म्हणून ड्राय शॅम्पू आणला. डब्यावर तांदळाचा स्टार्च, अल्कोहोल, ब्युटेन लिहिलंय. ब्युटेन फवारा बाहेर ढकलतं, अल्कोहोल लगेच उडून जातं. खरं काम स्टार्चचं. त्याचे बारीक कण टाळूवरचं तेल शोषतात, आणि विंचरलं की बरंचसं पुडीबरोबर निघून जातं. घाम, मळ तिथेच राहतो, त्यामुळे याला शॅम्पू म्हणणं जरा जास्तच झालं!

अडचण अशी की स्टार्च ओलावाही ओढतो. बसमधून उतरेपर्यंत भांगात पांढरे गोळे, बोटांना भिजवलेल्या कणकेसारखे चिकटतात.

ॲल्युमिनियम स्टार्च ऑक्टेनिलसक्सिनेट असलेला कुणी वापरलाय का? तो स्टार्च पाण्याला दूर ठेवेल असा बदललेला असतो म्हणे. आपल्या हवेत टिकतो? काळ्या केसांवर पांढरट दिसतो का? आणि रात्रीच मारून सकाळी विंचरलं तर चालेल का?

आई म्हणते, तांदळाचं पीठ चोळ. ते नको, प्लीज.